चौथीचे पुस्तक आणि पाचवीचा प्रश्न

आमच्या घरात 'शिवछत्रपती' या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती आक्काची होती. आक्का १९७४ साली चौथी पास झाली. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीसाठी ओढा ओलांडून चार किलोमीटरवरच्या गावाला जावे लागे, आणि मुलींना तिकडे पाठवायची रीत नव्हती. तेच पुस्तक दोघा चुलत भावांच्या हातून फिरून, पाठीला खाकी कागद चिकटवलेल्या अवस्थेत, सहा वर्षांनी माझ्याकडे आले. मी त्यातून परीक्षा दिली आणि पुढच्या वर्गात गेलो. आक्काच्या दृष्टीने मात्र ते इतिहासाचे शेवटचे पुस्तक होते.

गेली काही वर्षे जुनी पाठ्यपुस्तके जमवून वाचण्याचा नाद मला लागला आहे. रद्दीवाल्यांशी ओळखी त्यातूनच झाल्या. ती वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. पाठ्यपुस्तकांवर आपल्याकडे वाद पुष्कळ होतात, पण त्यांची समीक्षा फारशी होत नाही. कादंबरीच्या भाषेवर, घडणीवर, ती काय सांगते आणि काय गाळते यावर आपण पानेच्या पाने लिहितो. ज्या गद्याने महाराष्ट्रातल्या पिढ्यानुपिढ्यांना 'इतिहास' या शब्दाचा पहिला अर्थ दिला, त्याकडे वाङ्मय म्हणून बघायचे मात्र राहून जाते. प्रस्तुत लेखात तसे बघण्याचा प्रयत्न आहे.

आधी 'शेवटची इयत्ता' म्हणजे काय ते सांगायला हवे. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेची रूढ विभागणी पहिली ते चौथी आणि पाचवी ते सातवी अशी राहिली. वाडी-वस्तीवर एक किंवा दोन शिक्षकांची चौथीपर्यंतची शाळा हेच सर्वसाधारण चित्र होते. शिक्षणहक्क कायदा २०१० साली लागू झाला, त्याने पहिली ते आठवी हा सलग टप्पा धरला. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिसरी ते पाचवी असा वेगळाच गट आहे. कागदावर रेषा सरकत गेल्या, तरी लोकांच्या बोलण्यात 'चौथी शिकलेला' हा शब्द टिकला, कारण ती माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना लिहितावाचता येते, हिशेब येतो आणि शिवाजी महाराजांचे चरित्र येते.

हे तिसरे कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी दिली होती. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांवरचे काही धडे, अशी ती होती. यादी करताना त्यांच्या डोळ्यांपुढे पुढे न शिकणारे कुणब्याचे पोर होते, म्हणूनच ती इतकी रोखठोक आहे. त्याच फुल्यांनी तेरा वर्षे आधी, १८६९ साली, शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला होता. निवेदनात 'सामान्य इतिहास' आणि पोवाड्यात शिवाजी, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला महत्त्वाच्या वाटल्या. स्वातंत्र्यानंतर, भाषिक राज्य झाल्यावर, १९६७ साली 'बालभारती'ची स्थापना झाली आणि १९७० साली 'शिवछत्रपती' आले. शेवटच्या इयत्तेच्या इतिहासाच्या तासाला दोन्ही धागे एकत्र आले, पण पोवाडा वरचढ ठरला. त्यानंतर अभ्यासक्रम कितीदा बदलले, पुस्तकाचे नाव 'परिसर अभ्यास भाग २' झाले, तरी चौथीत शिवचरित्र कायम राहिले.

चौथीचे बाकीचे विषय मी इथे बाजूला ठेवतो. अपूर्णांक, मापन, नकाशावरच्या दिशा, बी रुजण्याचा प्रयोग हे सगळे महत्त्वाचे आहे, पण ते पाचवीत पुन्हा येते, सहावीत पुन्हा येते. माणूस ते वापरतो आणि कुठे शिकलो ते विसरतो. चौथीचा इतिहास तसा विसरला जात नाही.

याचे पहिले श्रेय पुस्तकाच्या गद्याला द्यायला हवे. ते चांगले गद्य आहे. वाक्ये लहान आहेत आणि एका वाक्यात एकच क्रिया घडते. प्रसंग आधी उभा राहतो, माहिती त्याच्या पोटातून येते. सुरुवातीला शिवजन्मापूर्वीचा महाराष्ट्र, मग संतांची कामगिरी, मग भोसल्यांचे घराणे आणि नंतर बाळ शिवराय, अशी मांडणी आहे. नायकाच्या आधी भूमी आणि माणसे दाखवण्याचे हे भान नऊ वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात दुर्मीळ म्हणावे लागेल. पुढे जिवा महाला येतो, शिवा काशीद येतो, बाजीप्रभू, मुरारबाजी, हिरोजी फर्जंद येतात. गावातल्या कुठल्याही आळीतल्या पोराला आपला वाटेल असा माणूस त्यात सापडतो. स्त्रिया मात्र जिजाबाईंखेरीज फारशा नाहीत. हा दोष निव्वळ पुस्तकाचा आहे असे मी म्हणणार नाही, पण वर्गात अर्ध्या मुली बसलेल्या असताना तो डोळ्यांत भरतो.

या गद्याचे घराणे शोधू लागलो की आपण बखरीपाशी येतो. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तुटक, वेगवान वाक्ये, प्रसंगाच्या ऐन मध्यावर पात्राच्या तोंडी घातलेले बोल आणि त्या बोलातूनच त्याची ओळख, ही सगळी सभासदाची रीत चौथीच्या पुस्तकात उतरली आहे. क्रियापदांचा मानही तसाच. शिवराय लहान असले तरी आदरार्थी बहुवचनात, आणि खान कितीही बलाढ्य असला तरी एकवचनात. मराठी मुलाला कोण आपले आणि कोण परके हे समजायला विशेषणाची गरज पडत नाही, क्रियापदाचा प्रत्यय पुरतो. भाषेची ही ताकद आहे आणि धोकाही, कारण प्रत्ययाशी वाद घालता येत नाही.

बखरीची रीत घेतली, पण बखर लिहिणारा कोण, त्याने कधी आणि कोणासाठी लिहिले, हे पुस्तकाने बरोबर आणले नाही. सभासद निदान स्वतःचे नाव सांगतो. चौथीच्या पुस्तकात घटना आपोआप आपल्यापर्यंत आलेल्या असतात. आमच्या वेळी चाचणीत 'कोण कोणास म्हणाले?' हा प्रश्न इतिहासालाही असे. भाषेच्या पेपरात तो योग्यच आहे, कारण तिथे लेखकाने पात्राला बोलवलेले असते. इतिहासाच्या पेपरात त्याला काय अर्थ आहे? प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ च्या नोव्हेंबरात शामियान्यात नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, ते टिपून घेणारे कोणी नव्हते. आम्ही मात्र ते अवतरणचिन्हांसकट लिहीत होतो आणि दोन गुण मिळवत होतो.

सगळ्यात बोलके उदाहरण तानाजीच्या पाठाचे आहे. पाठाचे नाव 'गड आला पण सिंह गेला'. ह. ना. आपट्यांची विसाव्या शतकाच्या आरंभीची कादंबरी याच नावाची. मराठी माणसाच्या मनात क्रम पक्का आहे : किल्ल्याचे नाव कोंढाणा, तिथे फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी पडला, महाराजांनी शोकाचे उद्गार काढले आणि त्यावरून किल्ल्याला सिंहगड म्हणू लागले. यातली चढाई, लढाई आणि तानाजीचा मृत्यू याबद्दल शंका नाही. पण १६६३ सालच्या, म्हणजे तानाजी जिवंत असतानाच्या महाराजांच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. नाव आधीचे आहे. सभासदाच्या बखरीत हा प्रसंग पाहिला तर आणखी गंमत आहे. तिथे महाराजांच्या उद्गारात सिंह नाहीच. एक गड हाती आला, पण दुसरा गेला, असा तिथला भाव आहे. म्हणजे सभासदाचे महाराज तानाजीलाच गड म्हणतात. घरातल्या लग्नाचा, रायबाच्या लग्नाचा, तपशील आपल्याला मुख्यतः तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून ठाऊक आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे तो शिकलेल्या वाचकांपर्यंत पोहोचला.

पत्र, बखर, पोवाडा आणि कादंबरी अशा चार थरांतून ती गोष्ट चौथीच्या पानावर आली आहे. प्रत्येक थराने काहीतरी घातले. मला यात फसवणूक दिसत नाही, एका समाजाने आपल्या माणसाला दोनशे-अडीचशे वर्षे कसे जपले ते दिसते. पण पानावर चारही थर एकजीव होतात आणि मुलाच्या हातात एकच सपाट 'खरे' पडते. मग वीस-पंचवीस वर्षांनी कोणी ते पत्र दाखवले की त्याला वाटते, आपल्याला खोटे शिकवले, नाहीतर हा माणूस तानाजीचा अपमान करतो आहे. दोन्ही प्रतिक्रिया मी व्याख्यानांनंतर ऐकल्या आहेत. दोन्हींचे मूळ एकच आहे.

जन्मतारखेचेही तेच. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७, ही तिथी दीर्घकाळ प्रचारात होती. लोकमान्य टिळकांना कारीच्या जेध्यांकडून मिळालेली शकावली १९१६ साली प्रसिद्ध झाली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. परमानंदाच्या 'शिवभारता'ने तिला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत मानली ती २००१ मध्ये. शकावलीच्या एका ओळीवरून सुरू झालेला हा शोध शासनाच्या कागदावर पोहोचायला पंचाऐंशी वर्षे लागली. शोधाची यापेक्षा चांगली गोष्ट कुठे मिळणार? पण आपण मुलांना रिकाम्या जागेत भरायला फक्त शेवटचा आकडा देतो.

आता थोडे अभ्यासक्रमाच्या क्रमाविषयी. २०१५ मध्ये आलेले पाचवीचे 'परिसर अभ्यास भाग २' पाहा. त्याचा पहिलाच पाठ इतिहास म्हणजे काय, या प्रश्नावर आहे. पुढे कालगणना, सजीव, उत्क्रांती, आदिमानव. सहावीत इतिहासाची साधने आहेत. सातवीच्या पुस्तकाचा पहिला पाठ पुन्हा साधनांचा, भौतिक, लिखित आणि मौखिक, आणि त्यानंतर शिवाजी महाराज परत येतात, यावेळी स्वराज्याच्या कारभारासकट. आखणी म्हणून हे विचारपूर्वक केलेले आहे. आधी गोष्ट, मग प्रश्न, मग प्रश्नाच्या उजेडात तीच गोष्ट पुन्हा. सातवीचे ते पाठ वाचताना मला खरोखर बरे वाटले.

पण ही आखणी गृहीत धरते की प्रत्येक मूल सातवीपर्यंत येणार. आक्का आली नाही, आणि तिच्या वर्गातल्या बहुतेक मुलीही आल्या नाहीत. त्यांना गोष्ट मिळाली, प्रश्न मिळाला नाही. आज परिस्थिती निराळी आहे. नियमाने सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी, आणि चौथीवर थांबणारी मुले आता विरळा. मग हा मुद्दा जुना झाला का? मला तसे वाटत नाही. चौथीतला इतिहास मूल नवव्या वर्षी कानाने आणि डोळ्यांनी घेते, वर्गात नाटक करते, दिवाळीत अंगणात किल्ला बांधून त्यावर मावळे उभे करते. सातवीतली 'साधने' ते बाराव्या वर्षी चार गुणांच्या टिपेसाठी वाचते. दोन्हींतले काय टिकणार हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. पदवीधर माणूसही इतिहासावर भांडतो तेव्हा चौथीतला इतिहास घेऊन भांडतो. प्रश्न विचारण्याची इयत्ता त्याने पार केलेली असते, पण ती त्याच्या अंगी लागलेली नसते.

दादोजी कोंडदेवांचा वाद आठवून पाहा. शिवरायांच्या शिक्षणात त्यांचे स्थान कोणते, यावरून सुरू झालेली गोष्ट पाठ्यपुस्तकापासून पुण्याच्या लाल महालापर्यंत गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये तिथला पुतळा हलवला गेला. कोणाची बाजू बरोबर हा या लेखाचा विषय नाही. मला लक्षणीय वाटते ते वादाचे रूप. नाव ठेवा किंवा नाव काढा, एवढ्या दोनच शक्यता. समकालीन कागद काय म्हणतात, नंतरच्या बखरी काय म्हणतात, आणि दोहोंत अंतर का पडले, हे मुलांना अर्ध्या पानात सांगा, अशी मागणी मोठ्याने केलेली माझ्या ऐकिवात नाही. ज्या समाजाने इतिहास रिकाम्या जागा भरून शिकला, तो रिकाम्या जागेत कोणते नाव भरायचे यावरूनच भांडणार.

यावर एक आक्षेप मी अनेक गुरुजींकडून ऐकला आहे, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. नऊ वर्षांच्या मुलाला आधी प्रेम करायला शिकवावे, शंका पुढे येईलच. आदर्शाच्या वयात चिकित्सा दिली की दोन्ही हातचे जाते. एका निवृत्त गुरुजींनी तर मला सुनावले, 'तुम्ही पुस्तके वाचता, आम्ही पोरे वाचतो.' त्यांचे म्हणणे मी मान्य करतो, इतपतच की गोष्ट काढून टाकू नये. गोष्ट काढून तिच्या जागी निर्जीव माहिती घातलेली पुस्तके मी पाहिली आहेत, ती कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. पण 'हे तुला कोणी सांगितलं?' हा प्रश्न नवव्या वर्षीचे मूल दिवसातून दहा वेळा विचारते. भोवऱ्याच्या भांडणात साक्षीदार आणते. तिसरीत त्याने आपल्याच जिल्ह्याचा परिसर अभ्यास केलेला असतो. शंका त्याच्याकडे असतेच. इतिहासाच्या तासाला ती दाराबाहेर चपलांबरोबर ठेवायला आपण शिकवतो.

शिवाय साधनांमुळे गोष्ट रुक्ष होते, हा समजही तपासून पाहावा. आग्र्याच्या प्रसंगी आम्हाला पेटारे आठवतात, कारण पुस्तकात पेटारे आहेत. जयपूरच्या दप्तरातून राजस्थानी पत्रे उजेडात आली, जदुनाथ सरकारांनी ती अभ्यासली. मिर्झाराजांचा मुलगा रामसिंग याच्या आग्र्यातल्या माणसांनी १६६६ च्या उन्हाळ्यात ती आपल्या घरच्या अधिकाऱ्यांना लिहिली होती. १२ मेच्या दरबारात काय घडले, महाराज कसे संतापले, ते त्यांत आहे. परकालदास नावाचा लेखनिक महाराज दिसायला कसे आहेत तेही कळवतो : देहाने लहानखुरे, वर्णाने गोरे, आणि कोण आहेत हे न विचारताही राजा वाटावा असे. परक्या दरबारातल्या, महाराजांशी काही देणे-घेणे नसलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. चौथीच्या मुलाला यापेक्षा रोमांचक काय सांगता येईल? 'त्यांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने हे लिहून ठेवले आहे' या एका वाक्याने वर्ग शांत होतो. जिल्हा परिषदेच्या दोन शाळांत मी हे करून पाहिले आहे. एका मुलीने विचारले, 'ते पत्र अजून आहे का?' आहे म्हटल्यावर तिचा दुसरा प्रश्न होता, 'कोणाच्या घरात?'

आक्काला मी सिंहगडाच्या पत्राची गोष्ट सांगितली ती पाच-सहा वर्षांपूर्वी. तिला अजून तानाजीचा पाठ जवळजवळ तोंडपाठ आहे, नातवंडांना तिनेच तो सांगितला. मला वाटले होते, ती रागावेल. तिने शेंगा फोडता फोडता ऐकून घेतले. सभासदाच्या बखरीत महाराज तानाजीलाच गड म्हणतात, हे ऐकल्यावर हात थांबला. 'ह्ये तर जास्तच चांगलं हाय की,' ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर म्हणाली, 'मग ह्ये आमाला तवाच का न्हाई सांगितलं? आमची कुठं पाचवी व्हनार व्हती?'

मी तिला सांगितले की, पुस्तक लिहिणाऱ्यांना ते पुढच्या वर्गात सांगायचे होते. हे उत्तर खरे आहे आणि त्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. १९७० च्या त्या पुस्तकाने जे केले ते त्या काळी कोणी इतके चांगले केले नसते. तरीही मला ते उत्तर तिच्यापुढे अपुरे वाटले.

नव्या धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम सध्या पुन्हा आखला जात आहे, पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलतील. चर्चा बहुधा नेहमीसारखीच होईल : शिवचरित्राला किती पाने, कोणते नाव आत, कोणते बाहेर. माझी सूचना पानांच्या संख्येबद्दल नाही. तानाजीचा पाठ आहे तसा राहू द्यावा. त्याच्या शेवटी, स्वाध्यायाच्या आधी, अर्धे पान मोकळे ठेवून त्यात १६६३ च्या पत्राची त्या एका ओळीची मोडी छबी द्यावी, खाली तिचे बाळबोध, शेजारी सभासदाच्या बखरीतले आणि पोवाड्यातले त्या प्रसंगाचे एकेक वाक्य. आणि स्वाध्यायातला एक प्रश्न बदलावा. 'कोण कोणास म्हणाले?' च्या जागी 'हे कोणी लिहून ठेवले, आणि प्रसंगानंतर किती वर्षांनी?' वजाबाकी चौथीच्या मुलाला येते.